मयताच्या घरी साक्ष

जाई आढावकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी तिला त्याची लाज वाटायची.

शुक्रवारी चर्चच्या वरच्या मजल्यावर तरुण मुलांचा गट जमायचा. गोलात मांडलेल्या खुर्च्या, आणि एसी असा की देवाचं भय वाटायच्या आधी सर्दीचं वाटावं. गट चालवणारा डेरिक पंचविशीतला, मनाचा चांगला मुलगा. गिटार बाजूला ठेवून तो विचारायचा, या आठवड्यात शाळेत प्रभूची साक्ष कुणी दिली? की हात वर व्हायचे. कुणी शिव्या देणाऱ्या मित्राला टोकलेलं असायचं, कुणी परीक्षेत पेपर दाखवायला नकार दिलेला असायचा. एकीनं तर सृष्टी कशी झाली यावरून फिजिक्सच्या सरांशी वाद घालून शिक्षा ओढवून घेतली होती. तिला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. जाईही वाजवायची. गटात टाळ्या वाजवायलाही कुणीतरी लागतंच.

आढाव मूळचे नगरचे, पणजोबांपासून ख्रिस्ती. तिथं गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं की हे घर कुणाचं, त्यामुळे साक्ष वगैरे द्यायची वेळ कधी येत नसे. मग पप्पांच्या, म्हणजे प्रबोध आढावांच्या, मरीन इंजिनिअरच्या नोकरीपायी बिऱ्हाड सिंगापूरला क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये आलं. जहाज तुआसच्या यार्डात दुरुस्तीला लागलं की पप्पा घरी, एरवी समुद्रावर. आई, साधना, तांजोंग पगारच्या एका ऑफिसात नोकरीला. मुलीचं नाव जाई, आडनाव आढाव, घरात मराठी. इथल्या मराठी लोकांनी त्यांना न विचारताच आपल्यात धरून टाकलं, आणि साधनानं ते न सांगताच चालू दिलं. समोरच्या ब्लॉकमधल्या स्मिताकाकूंना हे कुटुंब ख्रिस्ती असल्याचं कळलं ते तिसऱ्या वर्षी, नाताळच्या करंज्यांचा डबा घरी आला तेव्हा.

"अगंबाई, वाटत नाही हो तुम्ही," स्मिताकाकू म्हणाल्या. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

साधनानं करंज्या कशा झाल्यात ते विचारलं आणि विषय संपवला. तिच्या लेखी तो तिथंच संपला. जाईच्या मनात मात्र ते दोन शब्द चपलेतल्या खड्यासारखे राहिले. वाटत नाही. म्हणजे पंधरा वर्षं उपासनेला जाऊन, तोंडपाठ वचनं म्हणून, एवढी गाणी मोकळ्या गळ्यानं गाऊन शेवटी माणसाला बघून काही वाटतच नाही.

आणि मग शिनहुईची आमा वारली.

आमा म्हणजे आजी. शिनहुई ही जाईची बाकावरची शेजारीण. जाई नवीन आली तेव्हा तिच्या इंग्रजीला सगळा वर्ग हसायचा. त्यात शिनहुईनं आपली बॅग उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, बस इथं. एवढंच. त्यावर तीन वर्षांची मैत्री उभी होती. शिनहुईच्या आईनं दुसरं लग्न केलं होतं, बाप मलेशियात कुठं कुठं काम करायचा. मुलीला वाढवलं ते आमानं. शेजारच्याच ब्लॉकमध्ये त्या दोघी राहायच्या. दारासमोर लाल दिव्याचा देव्हारा, आणि गॅसवर सदा कसलंतरी सूप रटरटत असायचं.

आमाचं मयत त्यांच्याच ब्लॉकखाली, तळमजल्याच्या मोकळ्या जागेत मांडलं होतं. इथं चिनी माणसांचं मयत लगेच हलवत नाहीत. चार-पाच दिवस शवपेटी ठेवतात, भोवती कापडाचा मांडव घालतात, गोल टेबलं मांडतात आणि येणाऱ्याला शेंगदाणे, गोळ्या, सरबताची खोकी देतात. बुधवारी शाळा सुटल्यावर सगळा वर्ग गणवेशातच तिकडे निघाला. स्मिताकाकूंची अवनीही त्याच वर्गात, तीही होती.

तिथं काय होणार हे जाईला माहीत होतं. फोटोसमोर एकेकाच्या हातात पेटलेली उदबत्ती देतात, ती धरून वाकायचं आणि राखेच्या भांड्यात खोचायची. सकाळपासून तिच्या मनात आमाबद्दलचं दुःख होतं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती दुःखापेक्षा उत्सुकतेच्या जवळची होती. शुक्रवार परवावर आला होता.

रांग पुढं सरकली. जाईच्या पुढं फरहाना होती, मलाय मुलगी. शिनहुईच्या मामांनी उदबत्ती पुढं केली तेव्हा फरहानानं नुसती मान हलवली, फोटोसमोर क्षणभर खाली बघत उभी राहिली आणि बाजूला होऊन शिनहुईचा हात धरला. मामांनी ती उदबत्ती पुढच्या मुलीसाठी धरून ठेवली. कुणाचं लक्षही गेलं नाही.

पुढची मुलगी जाई. मामांनी हात लांब केला. जाईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"मी ख्रिस्ती आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "मी मेलेल्यांची पूजा करत नाही."

गाण्यात कमावलेला गळा. तो शेवटच्या टेबलापर्यंत गेला. शेंगदाणे सोलणाऱ्या दोन म्हाताऱ्या थांबल्या. मामा बिचारे गडबडले. बरं बरं, नुसतं वाकलीस तरी चालेल, असं काहीतरी म्हणाले. पण जाईच्या कानांत इतकं गरम झालं होतं की ती वाकलीसुद्धा नाही. वळली तेव्हा पेटीशेजारी स्टुलावर बसलेली शिनहुई दिसली. पांढरा टी-शर्ट, बाहीला टाचलेला सुतकाचा कापडी तुकडा. शिनहुईनं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या बुटांकडे पाहत राहिली.

"कमाल आहेस तू," परत जाताना अवनी म्हणाली. "आमच्या घरी आरतीला उभी राहतेस तेव्हा? तेव्हा तुझा देव झोपलेला असतो?"

संध्याकाळी जाईनं शिनहुईला मेसेज केला, मग आणखी एक. दोन्ही वाचले गेल्याच्या निळ्या खुणा आल्या. बाकी काही आलं नाही.

शुक्रवारी डेरिकनं विचारलं आणि जाईचा हात वर गेला. तिनं सांगितलं ते खोटं नव्हतं. मांडव, मामा, उदबत्ती, सगळा वर्ग बघत होता, मी घाबरले होते पण बोलले. फरहानाबद्दल मात्र तिनं सांगितलं नाही. फिजिक्सवालीपेक्षाही जास्त टाळ्या पडल्या. कुणीतरी पाठीवर थाप मारली.

त्या टाळ्यांमध्ये तिला आमाचं जेवणाचं टेबल आठवलं. शाळेतून ती कितीतरी वेळा तिथं जेवली होती. घास घेण्याआधी ती डोळे मिटून प्रार्थना करायची. आमाला इंग्रजी यायचं नाही, येशू कोण हेही बहुधा माहीत नसावं. पण जाईचे डोळे मिटले की आमा चॉपस्टिक खाली ठेवायची, शिनहुई बोलत असली तर तिच्या हातावर चापट मारून गप्प करायची, आणि जाईचे डोळे उघडेपर्यंत सूप निवलं तरी कुणाला हात लावू द्यायची नाही. देव्हारा तिथंच होता. जाईला तिनं कधी त्याच्यासमोर उभं केलं नव्हतं.

गट सुटल्यावर डेरिक तिच्याजवळ आला. पुन्हा शाबासकी देईल असं तिला वाटलं. त्यानं हळूच विचारलं, "आणि तुझी मैत्रीण कशी आहे?"

जाईला खरंच माहीत नव्हतं.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं, आता फरहानासकट. साधना कपड्यांच्या घड्या घालत होती. ती घालतच राहिली. नगरच्या बायकांचं हे असंच. रागावल्या की हाताला काम लागतं.

"उदबत्ती धरली नाहीस, ठीक," ती शेवटी म्हणाली. "मीही धरली नसती. पण मयताच्या घरी जाऊन स्वतःबद्दल बोलायचं असतं, हे तुला कुणी शिकवलं?"

"तू शिकवलं नाहीस एवढं खरं," जाई म्हणाली. "तू तर कुणाला सांगतच नाहीस आपण कोण आहोत ते. तीन वर्षं स्मिताकाकूंना माहीत नव्हतं. लपवतेस तू."

"कुणी विचारलं नाही गं."

"म्हणूनच मी न विचारता सांगितलं."

साधनाची घडी अर्धी राहिली. मुलीचं चुकलं होतं आणि मुलगी खरं बोलत होती. एकाच मुलीकडून दोन्ही एकदम आलं की आईनं काय करावं हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. मग ती म्हणाली, नव्या गावात घर मिळेना, ओळखी होईनात, तेव्हा आपलंसं कुणी म्हटलं तर म्हणू दिलं. बरं वाटायचं. लपवलं म्हणायचं असेल तर म्हण. पण तू माझी भरपाई त्या पोरीच्या आजीच्या पेटीपुढं का केलीस?

जाई रडली. साधनानं तिला जवळ घेतलं नाही, शेजारी बसून राहिली. उद्या आपण दोघी बसायला जाऊ, म्हणाली. नगरला म्हणतातच तसं. मयताच्या घरी भेटायला, बोलायला नाही, बसायला जातात.

शनिवारी दुपारी साधनानं भाकऱ्या थापल्या आणि पिठलं केलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच डबा न्यायचा असतो, हे तिच्या हाडात होतं. जाईनं डोक्यावर हात मारला. आई, त्यांच्याकडे केटरिंग असतं, तिथं आलेल्यांना तेच जेवू घालतात. साधना म्हणाली, असेल, आपण आपलं न्यायचं.

मांडवात खरंच मोठे ट्रे भरून शेवया आणि कोंबडी होती. शिनहुईच्या मावशीनं तो स्टीलचा डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडून पिवळ्या गोळ्याकडे पाहिलं, साधनाकडे पाहिलं आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. ते आभार होते की नवल, ते कळायला मार्ग नव्हता. मग तिनं तो डबा ट्रेंच्या शेवटी मांडला. तिथं त्याला कुणी हात लावला नाही. दोघी मायलेकी फोटोसमोर गेल्या, मान खाली घालून उभ्या राहिल्या. मामांनी या वेळी उदबत्ती पुढं केलीच नाही. जाईला ते पुढं करण्यापेक्षा जास्त लागलं.

साधना त्या दोन म्हाताऱ्यांच्या टेबलाशी जाऊन लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसली. तिला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना तिची नाही. एक म्हातारी शेंगदाणे सोलून तिच्यापुढं सारत होती, ती खात होती. थोड्या वेळानं साधनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नगरला तिची स्वतःची आई गेली तेव्हा तिला वेळेवर पोहोचता आलं नव्हतं, ते हे असावं. म्हातारीनं कागदी रुमालांचं पाकीट उघडून दिलं आणि पुन्हा सोलायला लागली.

जाई रिकामी खोकी गोळा करत होती, टेबलं पुसत होती. शिनहुई कोपऱ्यातल्या टेबलाशी सोनेरी कागद दुमडत बसली होती. त्या कागदाचे नावेसारखे तुकडे करून शेवटच्या दिवशी जाळतात, मेलेल्या माणसाला तिकडे उपयोगी पडावेत म्हणून. जाईनं समोरचं स्टूल ओढलं. हे दुमडू लागावं की नाही, तिला ठरवता येईना. हात मांडीवर ठेवून ती बसली.

कागदावरची नजर न काढता शिनहुई म्हणाली, "बरं झालं आमाला इंग्रजी येत नव्हतं."

"हो," जाई म्हणाली.

"मला येतं पण."

"सॉरी. मला... सगळे दर आठवड्याला काहीतरी सांगतात. मला पण सांगायचं होतं."

"म्हणजे माझी आमा तुझा होमवर्क."

शिनहुईनं आणखी एक तुकडा दुमडला, टोकं दाबली, ढिगावर टाकला. मग वर पाहिलं. तिचे डोळे सुजलेले नव्हते, ते कोरडे होते आणि त्याचीच भीती वाटत होती.

"तुझ्या देवाकडे," ती म्हणाली, "आमाला आत घेतील की बाहेर?"

या प्रश्नाचं उत्तर गटात कितीदा घोकलं होतं. चार वाक्यांचं, नेमकं, वचनासकट. ते जाईच्या जिभेवर आलं. आणि तिला कळलं की हे आपण आत्ता म्हटलं तर ते बरोबर असेल किंवा नसेल, पण ते आपण पुन्हा शुक्रवारसाठी म्हणत असू.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तो दयाळू आहे एवढं माहीत आहे. आमाचं मला खरंच माहीत नाही."

"मग काय माहीत असतं, तुम्हा लोकांना," शिनहुई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. तिनं मनगटानं नाक पुसलं. "उद्या मंडाईच्या स्मशानात नेतील. तू येऊ नकोस. वर्गातले सगळे येणारेत. ते तुझ्याकडेच बघत बसतील. उद्या आमाकडे बघायचंय."

मांडवातून निघताना निरोप घ्यायचा नसतो, अशी तिथली रीत. तसं ते सोपं झालं. साधनानं डबा परत मागितला नाही. दोघी उठल्या आणि आपल्या ब्लॉककडे चालू लागल्या.

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून झांजांचा आवाज आला. खाली पांढऱ्या टी-शर्टांची छोटी रांग गाडीमागून चालत होती, मागं शाळेचे गणवेश. अवनीही त्यात होती. जाण्याची इच्छा नसताना न जाणं सोपं. जाईला धावत खाली जायचं होतं, शेवटून का होईना चालायचं होतं, आपल्यालाही दुःख आहे हे कुणीतरी बघावं असं वाटत होतं. नेमकं त्यासाठीच ती गेली नाही. साधनानं चहा पुढं ठेवला, तो तसाच राहिला. नंतर दोघी उपासनेला गेल्या. जाई उभी राहिली सगळ्यांबरोबर, पण गाणी बाकीच्यांनीच म्हटली.

शिनहुई शाळेत परत आली ती बाईंना सांगून बाक बदलूनच. मधल्या सुटीत कँटीनमध्ये ती एकटी बसायची. सुतकातल्या माणसाशी काय बोलावं हे पंधरा वर्षांच्या मुलांना कळत नाही, म्हणून ती हळूहळू लांबून जायला लागतात. जाई आपला ट्रे घेऊन तिच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. पहिल्यांदा शिनहुई उठून गेली. दुसऱ्यांदाही गेली. नंतर तिनं उठणं सोडलं, बहुधा कंटाळून. बोलणं नव्हतंच.

पलीकडच्या टेबलावरून हाका यायच्या, होली जाई, आमच्यासाठी पण प्रार्थना कर, गणिताचा पेपर आहे. अवनी त्यांच्यात असायची, पण ती हाका मारत नसे. एकदा जिन्यात गाठून तिनं मराठीत विचारलं, हे काय प्रायश्चित्त वगैरे चाललंय का तुमच्यातलं? जाई म्हणाली, नाही, ती एकटी जेवते म्हणून. अवनीनं खांदे उडवले. पण तिनंही आपला ट्रे काही त्या टेबलाकडे आणला नाही.

शुक्रवारी गटात जाई जायची. हात वर करायची नाही. या सगळ्यात सांगण्यासारखं काही होतं असं तिला वाटतच नव्हतं. एक मुलगी जेवते, दुसरी लांब बसून जेवते. यावर कोण टाळ्या वाजवणार? डेरिकनं पुन्हा मैत्रिणीची चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, बोलत नाही अजून. तो म्हणाला, बरं. आणि नशीब, त्यावर त्याला एखादं वचन सुचलं नाही.

सत्र संपत आलं तेव्हा वर्गात कळलं की आमाचा सरकारी भाड्याचा फ्लॅट परत करावा लागणार, शिनहुई मावशीकडे टँपिनीसला जाणार, आणि पुढच्या सत्रापासून तिकडचीच शाळा. जाईला हे इतरांकडून कळलं. त्या दिवशी कँटीनमध्ये ती नूडल्स घेऊन टेबलाच्या नेहमीच्या टोकाला बसली.

"तू माझ्यासाठी बसतेस की तुझ्या देवासाठी?"

इतक्या दिवसांनी आवाज आला की जाई दचकली. शिनहुई तिच्याकडे नव्हती बघत.

"आधी देवासाठी बसले," जाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तू दोनदा उठून गेलीस तेव्हा देवाचाही राग आला. मग... नंतरचं तुझ्यासाठी."

शिनहुईनं वाटीतला शेवटचा घास खाल्ला. वाटीवर चॉपस्टिक आडव्या ठेवल्या. रागावलेली दिसत नव्हती, निवळलेलीही नाही. एखादं जड सामान कुठं ठेवावं हे ठरवता न आलेल्या माणसासारखी दिसत होती.

"आमाची राख मंडाईलाच ठेवलीय," ती म्हणाली. "भिंतीत कप्पे असतात. तिचा खालच्या रांगेत आहे, स्वस्तातला. फोटो लावलाय. तुला जायचं असेल तर जा."

"तुझ्याबरोबर येऊ?"

"माझ्याबरोबर नको," शिनहुई म्हणाली. तिनं ट्रे उचलला, जागेवर नेऊन ठेवला आणि वर्गाकडे गेली.

सुट्टी लागल्यावर एका सकाळी जाई बस बदलत एकटीच मंडाईला गेली. आई बरोबर येते म्हणाली होती, पण जाईनं नको म्हटलं. खालच्या रांगेतला फोटो बघायला तिला जमिनीवर बसावं लागलं. फोटोतली आमा तरुण होती आणि जरा अनोळखी. आजूबाजूला कुणी नव्हतं. फरशी गार होती. पाय बधिर होईपर्यंत ती तिथं बसली.

घरी आल्यावर साधनानं विचारलं, काय केलंस गं तिथं?

"काही नाही," जाई म्हणाली, आणि हात धुवायला गेली.